२५६ बाइटांचा पाहुणा

रोलरकोस्टर टायकून या मनोरंजन पार्क उभारायच्या कॉम्प्युटर गेमचा विषय निघाला की पहिल्या दोन मिनिटांत कुणीतरी सांगतंच, "अख्खा गेम एकट्या माणसाने असेंब्लीत लिहिलाय!" (असेंब्ली म्हणजे प्रोसेसरच्या एकेक आज्ञा थेट लिहायची भाषा.) खरं आहे, जवळजवळ. गेमचा कर्ता ख्रिस सॉयर स्वतः सांगतो की ९९ टक्के कोड एक्स८६, म्हणजे पीसीच्या प्रोसेसरच्या, असेंब्लीतला आहे आणि विंडोज व डायरेक्टएक्सशी बोलण्यापुरता थोडा सी वापरलाय. चित्रं सायमन फॉस्टरची, आवाज आणि संगीत अ‍ॅलिस्टर ब्रिम्बलचं. म्हणजे 'एकट्याने' हे प्रोग्रॅमिंगपुरतं.

गंमत अशी की हे वाक्य ऐकणारा मनाशी ठरवून टाकतो, असेंब्ली वापरली म्हणून गेम पळाला. मला ते पटत नाही. असेंब्लीतही रटाळ, संथ कोड मजेत लिहिता येतो. १९९९ साली ९० मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि १६ एमबी रॅम असलेल्या मशीनवर हजारभर माणसं फिरती ठेवणं जमलं, त्यामागे वेगळेच निर्णय आहेत: काय मोजायचंच नाही, काय तीन सेकंद पुढे ढकलायचं, कुठला आकडा किती बिटांत कोंबायचा. असेंब्लीमुळे हे निर्णय उघड्यावर आले, एवढंच.

हे इतक्या तपशिलात बोलता येतं ते ओपनआरसीटी२ या मुक्त प्रकल्पामुळे. २०१४ पासून त्यातल्या लोकांनी दुसऱ्या भागाची, म्हणजे २००२ च्या रोलरकोस्टर टायकून २ ची, एक्झिक्युटेबल फाइल उलगडून तिचा एकेक रूटीन (एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) सी आणि पुढे सी++ मध्ये लिहून काढला. खालचे बहुतेक आकडे त्या दुसऱ्या भागाचे. पहिल्याचं इंजिन त्याच घराण्यातलं, फक्त मर्यादा तोकड्या: नकाशा १२८ × १२८ चौकोनांचा, तर दुसऱ्यात २५६ × २५६.

सॉयरबद्दल थोडक्यात. स्कॉटलंडचा, ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात शिकलेला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून दुसऱ्यांचे गेम पीसीवर आणून देणं हा त्याचा धंदा होता. १९९३ चा 'फ्रंटियर: एलिट २' पीसीवर आणला तो त्यानेच. मूळ कोड ६८००० प्रोसेसरच्या असेंब्लीतला. असा माणूस १९९४ साली आलेला आपला आधीचा गेम, ट्रान्सपोर्ट टायकून, लिहायला बसला तेव्हा असेंब्ली हा काही पराक्रम नव्हता, रोजची बोली होती.

आता पाहुण्याकडे येऊ. पार्कात फिरणारा प्रत्येक माणूस म्हणजे मेमरीतला २५६ बाइटांचा एक कप्पा. असे १०,००० कप्पे एका ओळीत मांडलेले असतात. त्यांत पाहुणे, झाडूवाले, मेकॅनिक, राइडचे डबे, एवढंच काय हवेत सुटलेले फुगेसुद्धा येतात. २५६ च का? कारण हवा तो कप्पा गाठायला गुणाकार लागत नाही. क्रमांक आठ बिट डावीकडे सरकवला, म्हणजे २५६ पट झाला, की पत्ता तयार. पेंटियमवर सरकवायला एक क्लॉक लागतो, गुणाकाराला दहा आणि ३२ बिटांच्या भागाकाराला ४१. गुणाकार-भागाकार टाळण्याची ही सवय कोडभर दिसते.

कप्प्यात काय असतं? आनंद, मळमळ, भूक, तहान, शू लागल्याची पातळी, हे सगळे एकेका बाइटात, ० ते २५५. राइड किती जोराची झेपेल याची खालची आणि वरची मर्यादा मिळून एकच बाइट: चार बिट किमान, चार बिट कमाल. डोक्यातले ताजे पाच विचार. आणि वजनसुद्धा! पाहुणा जन्माला येतो तेव्हा ० ते ३१ मधला एक यादृच्छिक आकडा काढून त्यात ४५ मिळवतात, म्हणजे प्रत्येकाचं वजन ४५ ते ७६ च्या दरम्यान. हे वजन पुढे कामाला येणार आहे.

आनंदासारख्या गोष्टींची एक जोडी असते: चालू आकडा आणि लक्ष्य. राइड आवडली की लक्ष्य वर जातं, चालू आकडा थोडाथोडा करत त्याच्या मागे जातो. त्यामुळे माणूस एका क्षणात उदास होत नाही, हळूहळू होतो. इतक्या स्वस्तात इतका खरा वाटणारा स्वभाव दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मला तरी दिसलेला नाही.

गेमचं घड्याळ सेकंदाला ४० टिक चालतं. दर टिकला प्रत्येकाची भूक, तहान, गर्दीचा वैताग असं सगळं तपासत बसलं तर पेंटियम तिथेच आडवा. म्हणून सॉयरने पाळ्या लावल्या. टिकच्या आकड्याचे खालचे सात बिट आणि पाहुण्याच्या क्रमांकाचे खालचे सात बिट जुळले तरच त्याची सविस्तर तपासणी. म्हणजे प्रत्येकाचा नंबर १२८ टिकांनी, ३.२ सेकंदांनी लागतो. दोन हजार पाहुणे असले तर एका टिकला साधारण सोळाच जणांची विचारपूस. आणखी संथ बदलणाऱ्या गोष्टी नऊ बिट जुळल्यावर, म्हणजे ५१२ टिकांनी, १२.८ सेकंदांनी. खेळणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही, कारण सगळे एकाच वेळी दचकत नाहीत. गर्दी अशीच, विसावून विसावून वागते.

चालणं मात्र दर टिकला बघावंच लागतं. तिथली युक्ती मला सगळ्यांत देखणी वाटते. प्रत्येकाकडे एक बाइटाचा पावलांचा साठा असतो. दर टिकला त्यात त्याची ऊर्जा मिळवायची. ऊर्जा ३२ ते १२८. बेरीज २५५ च्या पुढे गेली की बाइट भरून वाहतो, प्रोसेसरचा कॅरी फ्लॅग (बेरीज मावली नाही ही खूण) उठतो, आणि तो उठला तरच पाऊल टाकायचं. नाही उठला तर या टिकपुरतं काम संपलं. १२८ ऊर्जेचा ताजातवाना माणूस दोन टिकांत एक पाऊल टाकतो, ३२ वर आलेला दमलेला आठ टिकांत एक. चढाच्या वाटेवर मिळवायचा आकडा निम्मा करतात. रांगेत उभ्या असलेल्याला मात्र किमान ९५ मिळतातच, नाहीतर एका थकलेल्या आजोबांमागे अख्खी रांग अडकून बसली असती. वेग, थकवा, चढ, सगळं एका बेरजेत आलं. आणि दमलेल्या माणसावर प्रोसेसरचा खर्चही कमी होतो!

माणसं एकमेकांना धडकत नाहीत हे खेळणाऱ्या सगळ्यांनी पाहिलंय. एकाच चौकोनात शंभर जण एकमेकांच्या अंगातून आरपार जातात. टक्कर मोजणं हे फार महाग काम, ते सरळ सोडून दिलंय. त्याऐवजी वाटेच्या नव्या चौकोनात शिरताना पाहुणा तिथली माणसं मोजतो. दहा किंवा जास्त भरली की कधीकधी 'फार गर्दी आहे' हा विचार डोक्यात, आणि आनंदाचं लक्ष्य १४ ने खाली. धक्काबुक्की नाही, वैताग तेवढा आहे. पार्क चालवणाऱ्याला वैतागच पुरतो.

वाट शोधणं हे या गेमचं सगळ्यांत बदनाम खातं. 'मला बाहेरचा रस्ता सापडत नाही' म्हणत गोल गोल फिरणारी माणसं पाहून लोक म्हणतात, एआय मठ्ठ आहे. मठ्ठ नाही, गरीब आहे. पाहुणा वाटेच्या फाट्यावर आला की प्रत्येक दिशेने पुढे किती जवळ पोचता येईल याचा शोध घेतो, पण फक्त पाच फाट्यांपर्यंत. खिशात नकाशा असेल तर सात. कर्मचाऱ्यांना आठ. जवळिकीचं माप असं: आडव्या-उभ्या अंतरांतलं मोठं आहे तसं धरायचं, लहान चार बिट सरकवून सोळावा हिस्सा करायचं, उंचीचा फरक दुप्पट करायचा, आणि बेरीज. वर्गमूळ नाही. शिवाय शेवटच्या चार फाट्यांची आठवण असते, कुठल्या दिशा अजून पाहिल्या नाहीत याची. पाचवा फाटा आला की पहिला विसरला.

यातून बांधणाऱ्याने घ्यायचे धडे अगदी ठोस आहेत. रुंद फरसबंद चौक टाळा. तीन-चार बाजूंना जोडलेला प्रत्येक चौकोन म्हणजे एक फाटा, आणि पाच फाट्यांचं बजेट पाच पावलांत संपतं. गेम रुंद भाग ओळखून बाजूला टाकायचा प्रयत्न करतो, पण तो नेहमी जमत नाही. मुख्य रस्ता एका चौकोनाच्या रुंदीचा ठेवा. प्रवेशद्वाराकडे जायला आधी उलट दिशेने लांब वळसा घ्यावा लागत असेल तर माणसं हमखास अडकतील, कारण जवळिकीच्या मापात पहिली काही पावलं तोट्याची दिसतात आणि तोटा कुठे संपतो ते शोधाच्या टप्प्यापलीकडे असतं. आडवाटेच्या तोंडाशी प्रवेशबंदीची पाटी लावा. पाहुणे ती पाळतात.

नकाशाचा दुसरा फायदा याहून मोठा आहे. नकाशा नसलेला पाहुणा पुढची राइड निवडताना दहा चौकोनांच्या टप्प्यातल्याच राइड विचारात घेतो. अपवाद फक्त उंच राइडचा: मोठी घसरण असलेली किंवा उत्कंठेचे गुण ८.०० किंवा जास्त असलेली राइड पार्कात कुठूनही 'दिसते' असं धरलंय. नकाशा असेल तर अजून न बसलेल्या सगळ्याच राइड यादीत येतात. या यादीतून झेपेल अशी सर्वांत उत्कंठेची राइड तो निवडतो. म्हणून माहिती केंद्रात नकाशा फुकट ठेवला तरी तोटा होत नाही, कोपऱ्यातली राइड भरते.

रोलर कोस्टरचं भौतिकशास्त्र हा माझ्या मते या कोडचा मुकुटमणी. सगळं पूर्णांकांत, दशांश चिन्ह कुठेच नाही. रुळाचा प्रत्येक तुकडा म्हणजे आधीच काढून ठेवलेली बिंदूंची यादी: इथे एक्स इतका, वाय इतका, उंची इतकी, डबा या दिशेला वळलेला, इतका झुकलेला. डब्याने फक्त या यादीत पुढे सरकत राहायचं. वळणाचं गणित चालू गेममध्ये होतच नाही.

किती बिंदू पुढे सरकायचं? समजा गाडीचा आतला वेग १०,००,००० आहे. ताशी मैलांत दाखवायला त्याला ९ ने गुणून १८ बिट उजवीकडे सरकवतात, उत्तर ३४. टिकमागचं अंतर काढायला दहा बिट उजवीकडे सरकवून ४२ ने गुणतात: ९७६ × ४२ = ४०,९९२. आता यादीतलं एक आडवं पाऊल ८,७१६ ला पडतं, उभं ६,५५४ ला, आणि एक्स-वाय दोन्ही बदलणारं तिरपं १२,३२७ ला. ८,७१६ ला दोनच्या वर्गमूळाने गुणून पाहा, जवळपास तोच आकडा येतो. पायथागोरस एकदा घरी वापरला आणि तक्ता करून ठेवला. शिल्लक १३,९६२ पेक्षा कमी झाली की थांबायचं, कारण महागातलं महाग पाऊल साधारण तेवढ्याचं. सपाट रुळावर या टिकला चार पावलं पडतात आणि ६,१२८ उरतात. ते पुढच्या टिकमध्ये जमा: ४७,१२०, पुन्हा चार पावलं, उरले १२,२५६. तिसऱ्या टिकला ५३,२४८, यावेळी पाच पावलं. चार, चार, पाच. सेकंदाला ४० टिक असताना हा हिसका डोळ्यांना कळत नाही.

वेग कसा बदलतो? चढ-उताराच्या प्रत्येक कोनाला एक ठरीव आकडा दिलेला आहे, चढाला उणे, उताराला अधिक. गाडीतल्या सगळ्या डब्यांचे आकडे मिळवायचे, डब्यांच्या संख्येने भागायचं, २१ ने गुणायचं, नऊ बिट सरकवायचं. हे गुरुत्वाकर्षण. त्यातून वेगाचा ४,०९६ वा भाग वजा, हे घर्षण. मग वेग आठ बिट सरकवून त्याचा वर्ग, तो चार बिट सरकवून गाडीच्या एकूण वजनाने भागलेला, तोही वजा. हा हवेचा रोध.

त्या शेवटच्या भागाकारात पाहुण्यांचं ४५ ते ७६ वजन येऊन बसतं. गाडी रिकामी असली की भाजक लहान, म्हणून हवेचा रोध जास्त. चाचणीची गाडी रिकामीच धावते. म्हणून दुसऱ्या टेकडीवर जेमतेम पोचणारा ट्रॅक बांधला, तर रिकामी गाडी माथ्याशी दम टाकते आणि उलटी घरंगळत येते, भरलेली मात्र ओलांडून जाते. उलटही होतं: चाचणीत सुरक्षित वाटलेली शेवटची उतरण भरलेल्या गाडीने थोडी जास्त वेगाने येते. टेकडीच्या माथ्यावर रिकाम्या गाडीचा वेग अगदी रेंगाळत असेल तर माथा एक पायरी खाली घ्या. लांब गाड्यांत आणखी एक भानगड. सरासरी सगळ्या डब्यांची असल्यामुळे पुढचे डबे माथा ओलांडूनही मागचे चढावर असतात, आणि गाडी तिथे रेंगाळते.

राइडला मिळणारे उत्कंठा, जोर आणि मळमळ यांचे गुण शंभरपटीत साठवलेले पूर्णांक असतात, ६.५० म्हणजे ६५०. ते एका दमात निघत नाहीत. गेम एका वेळी एकच राइड घेतो आणि रूळ तुकड्या-तुकड्याने चालत जातो, आसपास काय आहे, पाणी, झाडी, दुसऱ्या राइड, ते नोंदवत. मोठ्या पार्कात गुण यायला वेळ लागतो तो म्हणून. जोराच्या गुणांना पाच पायऱ्या आहेत: १०.००, ११.००, १२.००, १३.२० आणि १४.५०. प्रत्येक पायरी ओलांडली की उत्कंठेतला चौथा हिस्सा जातो, आणि तोही आधीच्या उरलेल्यातला. ८.०० उत्कंठेची राइड जोर १४.६० वर गेली की ६.००, ४.५०, ३.३८, २.५४ करत १.९१ वर येते. नवखे लोक अजून एक लूप घालून गुण वाढवायला जातात आणि राइड बुडवतात. लूप काढा, वळणांना झुकाव द्या, उतरण थोडी कमी करा. जोर ९.९ च्या आत आला की सगळी उत्कंठा परत मिळते.

जमिनीचा हिशोब याच कंजूषपणाने केलेला. चौकोनातली प्रत्येक वस्तू, माती, वाट, रूळ, झुडूप, भिंत, आठ बाइटांची. एक बाइट प्रकार आणि दिशेचा, एक खुणांचा, एक पायाच्या उंचीचा, एक माथ्याचा, उरलेले चार ज्या त्या प्रकाराचे. एका चौकोनातल्या वस्तू ओळीने, आणि शेवटच्या वस्तूवर 'संपलं' असा एक बिट. मध्ये नवीन वस्तू घुसवायची तर त्या चौकोनाची सगळी रांग उचलून मोकळ्या जागेत नवी मांडतात, मागे पडलेली भोकं नंतर बुजवली जातात. जागा एकूण १,९६,६०८ वस्तूंची, दीड एमबी. झाडांनी गच्च पार्क करणाऱ्यांना 'लँडस्केप डेटा एरिया फुल' ही पाटी ओळखीची असेल. ती इथून येते, आणि तिच्यावर उपाय एकच: झुडपं उपटा.

चित्र काढण्याबद्दल थोडंच. जगातल्या बिंदूची पडद्यावरची जागा काढायला वायमधून एक्स वजा केला की आडवं, दोघांची बेरीज निम्मी करून उंची वजा केली की उभं. एक बिट सरकवणं सोडलं तर सगळी बेरीज-वजाबाकी. रंग २५६, पाण्याची चमक म्हणजे पॅलेटमधले काही रंग गोल फिरवणं, एक पिक्सेलही नव्याने काढावा लागत नाही. पडदा ३२ पिक्सेल रुंदीच्या उभ्या पट्ट्यांत रंगवतात. कुठली वस्तू पुढे, कुठली मागे हे काल्पनिक खोक्यांवरून ठरतं. दोन खोकी एकमेकांत घुसली की बोगद्यातली गाडी क्षणभर छतावर दिसते, ती भानगड या क्रमवारीची.

बांधकामाच्या आज्ञांची रचना मात्र थांबून बघण्यासारखी. रूळ टाकणं, झाड लावणं, दर बदलणं, सगळ्यासाठी एकच दार. आज्ञेचा क्रमांक प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये (हाताशी असलेल्या चिमुकल्या कप्प्यात), जागा दुसऱ्यांत, आणि ईबीएक्स नावाच्या रजिस्टरमध्ये एक बिट: खरंच करायचं की नुसतं विचारायचं? विचारलं तर खर्च परत येतो. जमणार नसेल तर ३२ बिटांतला सर्वांत मोठा ऋण आकडा. तुम्ही माउस फिरवताना दिसणारी किंमत म्हणजे तो रूटीन तो बिट न लावता चाललेला. त्यामुळे दाखवलेली किंमत आणि कापलेली किंमत यांत कधी फरक पडत नाही. पैसे मात्र मेमरीत उघडे ठेवलेले नाहीत. १३ बिट फिरवून आणि एका ठरीव आकड्याशी एक्सऑर (बिटागणिक उलटापालट) करून ठेवलेत, म्हणजे मेमरी चाळून आकडा शोधणाऱ्या चीट प्रोग्रॅमला तो सापडू नये. यादृच्छिक आकड्यांचा रूटीनही असाच दोन-तीन ओळींचा, दोन बीजं (सुरुवातीचे आकडे), सात आणि तीन बिटांचे फिरवे, आणि १२३४५६७ ने सुरू होणारा एक हेक्स आकडा. स्थिरांक शोधायला कुणी फार डोकं खाजवलेलं दिसत नाही!

पण तो रूटीन पूर्णपणे ठरीव आहे. तीच बीजं, त्याच आज्ञा, तर तोच पार्क, शेवटच्या पावलापर्यंत. ओपनआरसीटी२ मध्ये अनेकांना एकत्र खेळता येतं ते याच आधारावर. नेटवरून पाहुणे पाठवत नाहीत, फक्त आज्ञा पाठवतात, आणि प्रत्येक मशीन तेच जग स्वतः घडवतं. एका ठिकाणी एक जादा यादृच्छिक आकडा काढला गेला की दोन जगं फाटतात.

उलगडण्याचं काम सोपं नव्हतं. सुरुवातीला नवा कोड मूळ प्रोग्रॅमच्या पोटात बसून चालायचा. न लिहिलेल्या रूटीनसाठी रजिस्टर भरून मूळ पत्त्यावर उडी मारायची. सॉयरच्या रूटीनना सी कंपायलरचे संकेत माहीत नव्हते. कुठला रूटीन ईबीपी हे रजिस्टर बिघडवून परत येतो, कुठला उत्तर फक्त कॅरी फ्लॅगमध्ये ठेवतो. एक रजिस्टर जपायचं राहिलं की गेम भलत्याच ठिकाणी कोसळायचा. शेवटचा मूळ रूटीन जाईपर्यंत ६४ बिटांचं नाव काढायची सोय नव्हती, कारण सगळे पत्ते ३२ बिटांचे आणि ठरीव. प्रत्येक नव्या फंक्शनच्या डोक्यावर मूळ पत्ता लिहून ठेवायची पद्धत पडली. त्या टिपा कोडमध्ये अजून दिसतात.

२०२२ च्या ०.४.० आवृत्तीत पार्क साठवायची पद्धत बदलली आणि जुन्या मर्यादा सुटल्या: फिरत्या वस्तू १०,००० वरून ६५,५३५, नकाशा ९९९ चौकोनांपर्यंत. गाडीचं गणित मात्र जसंच्या तसं ठेवलंय. ८,७१६ च्या जागी दुसरा सोयीचा आकडा टाकला, तर २००२ पासून लोकांनी जपून ठेवलेल्या रुळांवरच्या गाड्या वेगळ्या वेगाने माथ्यावर पोचतील, आणि त्यातल्या बऱ्याच तिथून मागे फिरतील.